तीन वेळा दिसणारे गाव



दरवर्षी जुलै महिन्यात स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा फोन येतो, "साहेब, या वर्षी तरी काहीतरी लिहा," आणि दरवर्षी मी पावसाळी गस्त, ब्लॉक आणि इन्स्पेक्शन ही कारणे पुढे करून सुटका करून घेतो. मी पडलो डिप्लोमावाला पी-वे इंजिनिअर. रूळ, स्लीपर आणि खडी यांच्यापलीकडे माझा अभ्यास नाही. परंतु यंदा माझ्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. ती रुळांचीच असली तरी एका गावाचीही आहे. बिलासपूरच्या आपल्या मराठी मंडळींना आणि रेल्वेतल्या सहकाऱ्यांना ती आपली वाटेल, अशी आशा आहे.

२०२४ च्या मे महिन्यात आम्ही उभयता युरोपच्या सहलीला गेलो. मराठी ग्रुप, मराठी जेवण, सकाळी कांदेपोहे, असा सगळा थाट. स्वित्झर्लंडमध्ये मुक्काम एंगेलबर्गला होता आणि एक पूर्ण दिवस टिटलिसच्या बर्फासाठी राखून ठेवला होता. मी टूर लीडरकडे त्या दिवसाची रजा मागितली. तो म्हणाला, "काका, लोक पैसे भरून बर्फ बघायला येतात आणि तुम्ही रूळ बघायला निघालात!" सौभाग्यवतींनी तर सर्वांसमोर विचारले, "बिलासपूरला रूळ कमी पडले का?" मी हसण्यावारी नेले आणि भल्या सकाळी लुझर्नची गाडी पकडली. मला वासेनला जायचे होते.

चार-साडेचारशे वस्तीचे गाव

वासेन हे उरी नावाच्या परगण्यातले, रॉयस नदीच्या खोऱ्यातले एक लहानसे गाव. समुद्रसपाटीपासून उंची नऊशे मीटरच्या थोडी वर आणि लोकवस्ती चार-साडेचारशे. म्हणजे आपल्या कॉलनीतल्या दोन-तीन ओळींतल्या क्वार्टर्समध्ये मावेल एवढीच माणसे. पश्चिमेकडून माइन नावाची छोटी नदी येऊन इथे रॉयसला मिळते. दोन्ही अंगांना सरळसोट डोंगर, मध्ये चिंचोळी जागा, आणि त्या जागेत एका उंचवट्यावर पांढऱ्या भिंतींचे, टोकदार मनोऱ्याचे संत गालुस यांचे चर्च. हे चर्च १७३४-३५ साली बांधलेले आहे. आमच्याकडे बाळाजी विश्वनाथांनंतर बाजीराव पेशवे गाजत होते, तो हा काळ.

गावाचे मूळ जीवन गुराढोरांचे. जमीन उताराची, उन्हाळा आखूड, धान्य फारसे पिकत नाही. त्यामुळे गवत हेच पीक. हिवाळ्यात गुरे गावातल्या गोठ्यात, वसंतात मधल्या टप्प्यावरच्या कुरणात आणि ऐन उन्हाळ्यात अगदी उंचावर, जिथे झाडेही उगवत नाहीत त्या माळांवर. या उंच कुरणांनाच तिथले लोक 'आल्प' म्हणतात. उन्हाळाभर वर दूध काढायचे, तिथेच चीज करायचे आणि शरद ऋतूत गुरे व चीज दोन्ही खाली आणायचे. खाली राहिलेल्या माणसांनी तोवर तीव्र उतारावरचे गवत विळ्याने कापून हिवाळ्याची बेगमी करायची.

ही उंच कुरणे कोणा एकाच्या मालकीची नाहीत. उरीमध्ये ती शतकानुशतके 'कॉर्पोरेशन' नावाच्या लोकसंस्थेची आहेत. आपल्या भाषेत गायरान म्हणा. फरक एवढाच, की आपल्याकडची गायराने कधी अतिक्रमणात गेली तर कधी कागदोपत्री दुसऱ्याच्या नावावर चढली. तिथे मात्र त्यांचे नियम पिढ्यान्पिढ्या पाळले गेले. आल्प्सच्या अनेक खोऱ्यांत एक साधा नियम होता: जितकी गुरे तुम्ही स्वतःच्या चाऱ्यावर हिवाळाभर पोसू शकता, तितकीच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडायची. बाहेरून गुरे विकत आणून फुकटचे गवत चारण्याची वाट त्यामुळे आपोआप बंद झाली. नियम मोडणारा आणि नियम करणारा रोज एकाच रस्त्याने जाणारे असले, की नियम टिकतो.

जंगलाचेही तसेच. वासेनच्या वर, आंडरमाटच्या खोऱ्यात, १३९७ साली गावकऱ्यांनी लेखी ठराव करून गावावरच्या जंगलातले एकही झाड तोडायला बंदी घातली. हे झाले केवळ भीतीपोटी. वरचे जंगल गेले, तर हिवाळ्यात बर्फाचा कडा थेट गावावर कोसळणार, हे त्यांना ठाऊक होते. कोकणात देवाच्या नावाने राखलेली देवराई मी लहानपणी पाहिली आहे. तिथे देव राखणदार होता, इथे बर्फ.

खेचरांचा रस्ता

अशा खोऱ्यात बाहेरचे जग आले ते गॉटहार्डच्या खिंडीमुळे. जर्मनीकडून इटलीकडे जाण्याचा हा जवळचा रस्ता, खिंडीची उंची २१०६ मीटर. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला शोलेनेन नावाच्या भयंकर घळीतून वाट काढली गेली, आणि मग हा मार्ग वाहता झाला. या रस्त्याचे महत्त्व एवढे वाढले, की १२३१ साली उरीच्या लोकांना थेट राजाकडून स्वातंत्र्याची सनद मिळाली. पुढे १२९१ च्या ज्या करारातून स्वित्झर्लंडचा उगम मानला जातो, त्यात उरी हा एक पक्ष आहे. एक खिंड हातात असली की लहान गावालाही किंमत येते. आपल्याकडे नाणेघाटाने जुन्नरला जे दिले, तेच गॉटहार्डने उरीला दिले.

माल वाहून नेण्याचे काम गावोगावच्या खेचरवाल्यांकडे होते. प्रत्येक गावाची हद्द ठरलेली. आपल्या हद्दीपर्यंत माल न्यायचा, तिथल्या वखारीत उतरवायचा आणि पुढच्या गावच्या खेचरवाल्याने तो उचलायचा. त्यामुळे रस्त्यावरच्या प्रत्येक गावाला थोडा-थोडा रोजगार मिळे. हिवाळ्यात बर्फ फोडून वाट मोकळी ठेवणे हेही गावाचेच काम. आपल्या भाषेत सांगायचे तर प्रत्येकाचा सेक्शन ठरलेला आणि गँगही ठरलेली.

शोलेनेनच्या घळीवरच्या पुलाची दंतकथा तर शाळकरी पोरांनाही पाठ असते. पूल काही केल्या उभा राहीना, तेव्हा गावकऱ्यांनी सैतानाशी करार केला. पूल बांध, त्यावरून जो पहिला जाईल तो तुझा. पूल झाला, आणि गावकऱ्यांनी पहिला सोडला तो बोकड! चिडलेल्या सैतानाने पूल फोडायला भला मोठा धोंडा उचलला, पण एका म्हातारीने त्यावर क्रूस काढला आणि सैतानाला तो पेलेना. तो धोंडा गोशेनेन गावाजवळ अजून आहे, वजन सुमारे २२० टन. महामार्गाच्या आड येतो म्हणून इंजिनिअरांनी तो फोडण्याऐवजी १२७ मीटर सरकवून ठेवला. दंतकथेला जागा देण्यासाठी एवढा खटाटोप करणाऱ्या त्या इंजिनिअर मंडळींना माझा नमस्कार.

१८३० च्या सुमारास खिंडीतून गाडीरस्ता पूर्ण झाला आणि खेचरांची जागा घोडागाड्यांनी घेतली. टपालाच्या गाड्या सुरू झाल्या, घोडे बदलण्याचे तळ, लोहार, खाणावळी, सराया असा सगळा संसार रस्त्याकाठी उभा राहिला. वासेनही त्यावर जगत होते. आणि मग आली रेल्वे.

पंधरा किलोमीटरचा अंधार

१८७२ साली जिनिव्हाचे कंत्राटदार लुई फाव्र यांनी गोशेनेन ते ऐरोलो असा पंधरा किलोमीटरचा बोगदा आठ वर्षांत खणून देण्याचा करार केला. उशिराबद्दल दर दिवशी जबर दंडाची अट होती. दाबाच्या हवेवर चालणारी ड्रिल यंत्रे आणि त्या वेळी नवीन असलेला डायनामाइट यांच्या जोरावर दोन्ही टोकांकडून काम सुरू झाले. हजारो मजूर, त्यांतले बहुतेक उत्तर इटलीतले. लहानशा गोशेनेनमध्ये राहायला जागा नव्हती. एका खाटेवर पाळीपाळीने माणसे झोपत, एक कामावर गेला की दुसरा त्याच अंथरुणात. बोगद्यात धूर, गुडघाभर पाणी आणि तीस अंशांच्या वर उष्णता.

जुलै १८७५ मध्ये मजुरांनी काम बंद केले. धूर असह्य झाला होता आणि मजुरी पुरत नव्हती. कंत्राटदाराच्या मदतीला स्थानिक शिबंदी बोलावली गेली, गोळीबार झाला आणि चार मजूर मेले. त्यानंतर काम पुन्हा सुरू झाले.

मजुरांना आणखी एक रोग पोखरत होता. माणसे पांढरीफटक पडत, धाप लागे, कामावरून उठवत नसे. १८८० साली तुरिनच्या एदोआर्दो पेरोनचितो या संशोधकाने गॉटहार्डच्या मजुरांचा अभ्यास करून दाखवले, की हा आतड्यातल्या अंकुशकृमीचा प्रताप आहे. बोगद्यात शौचाची सोय नव्हती, जमीन ओली आणि उबदार होती. कृमींना याहून चांगली जागा कुठली? साध्या शौचालयांची व्यवस्था असती, तर कित्येक माणसे वाचली असती.

कंत्राटदार फाव्र स्वतःही सुटले नाहीत. १९ जुलै १८७९ रोजी बोगद्याची पाहणी करत असताना, आतच, वयाच्या ५३ व्या वर्षी ते कोसळले आणि गेले. पुढे २८ फेब्रुवारी १८८० रोजी दोन्ही बाजूंच्या मधल्या भिंतीला पहिले भोक पडले. त्या भोकातून पलीकडे सर्वांत आधी पाठवला तो डब्यात घातलेला फाव्र यांचा फोटो, असे सांगतात. दुसऱ्या दिवशी, म्हणजे २९ फेब्रुवारीला, दोन्ही बाजूंची माणसे भेटली. दोन्ही बोगद्यांच्या मध्यरेषांत फरक किती निघाला? आडवा ३३ सेंटिमीटर आणि उभा अवघा ५ सेंटिमीटर. आज लेझर आणि टोटल स्टेशन हाताशी असताना आमची कामे कधीकधी कशी जुळतात, हे मी इथे लिहीत नाही!

अधिकृत मृत्यू मोजले गेले १७७. रोगाने खंगून गावी परतलेले आणि तिथे मेलेले त्यात नाहीत.

चर्च तीन वेळा का दिसते?

बोगदा झाला, पण त्याच्या तोंडापर्यंत गाडी चढवायची कशी? खालचे एर्स्टफेल्ड ४७२ मीटरवर, बोगद्याचे तोंड गोशेनेन ११०६ मीटरवर. मध्ये चढायचे ६३४ मीटर. खोरे तर वासेनजवळ एकदम उसळी मारते. सरळ गेले तर चढ एवढा तीव्र होतो, की चाके नुसती घसरतील.

हाच प्रश्न आपल्या बोरघाटात आला होता. १८६३ साली सुरू झालेल्या बोरघाटाच्या लाईनला ३७ फुटांत एक फूट असा चढ आहे. तिथे जेम्स बर्कले यांनी खंडाळ्याजवळ रिव्हर्सिंग स्टेशन केले, म्हणजे गाडी एका दिशेने चढवायची, थांबवायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लावायचे आणि उलट दिशेने पुढचा चढ चढायचा. हे स्टेशन १९२९ मध्ये नव्या मार्गाने निकालात निघाले. गॉटहार्डच्या इंजिनिअरांनी एकोणीस वर्षांनंतर वेगळा मार्ग काढला. त्यांनी लाईनची लांबीच वाढवली. आधी प्फाफेनश्प्रुंग येथे डोंगराच्या पोटात जवळजवळ दीड किलोमीटरचा गोल बोगदा. गाडी आत शिरते, पूर्ण वेढा घेते आणि शिरली त्या जागेच्या वरच बाहेर पडते. मग वासेनच्या पुढे वाटिंगर आणि लेगिश्टाइन अशी दोन वळणे, प्रत्येकी सुमारे अकराशे मीटरची, तीही डोंगराच्या आत. चढ ३८ ला एकच्या आसपास राखला गेला आणि गाडी न थांबता वर गेली.

या वळणांमुळे प्रवाशाला वासेनचे चर्च तीन वेळा दिसते. पहिल्यांदा मान वर करून पाहावे लागते. दुसऱ्यांदा ते जवळजवळ बरोबरीला येते आणि गाडी उलट दिशेने धावत असते. तिसऱ्यांदा ते खाली, खेळण्यातल्यासारखे. स्वित्झर्लंडमधल्या आजी-आजोबांनी नातवंडांना खिडकीशी बसवून 'ते बघ वासेनचे चर्च' म्हणायचे, ही तिथली जुनी रीत. गावात कधीही पाय न ठेवलेल्या लाखो लोकांना ते चर्च तोंडपाठ होते.

१ जून १८८२ रोजी पूर्ण मार्ग सुरू झाला. आणि त्याच दिवसापासून टपालगाड्या, घोडेवाले, लोहार आणि खाणावळवाले यांचे दिवस भरले. ज्या मार्गाने गावाला पोसले, तो आता गावाच्या डोक्यावरून धडधडत जाऊ लागला. काहींनी रेल्वेत नोकरी धरली, काही गाव सोडून गेले. या खोऱ्यातला दगड मात्र उत्तम ग्रॅनाइट, आणि तो बाहेर न्यायला आता रेल्वे होती. खाणी निघाल्या, आणि बोगदा संपल्यावरही इटालियन दगडफोडे तिथे राहिले. एका रेल्वेने खेचरवाल्यांना घालवले आणि पाथरवटांना आणले. आपण सगळे जण जिथे-तिथे पोचलो, ते याच हिशेबाने.

मगर आणि खेकडा

पहिल्या महायुद्धात कोळशाची टंचाई झाली. स्वित्झर्लंडकडे कोळसा नाही, पण पाणी भरपूर. म्हणून गॉटहार्डचे विद्युतीकरण झाले आणि १९२० मध्ये एर्स्टफेल्डपासून डोंगरी टप्प्यावर विजेची गाडी धावली. त्यासाठी बनवलेले इंजिन पुढेमागे लांब नाकाचे, मध्ये कॅब आणि तीन भागांत वाकणारे. वळणात अंग मुरडून जाणारे ते धूड पाहून लोकांनी त्याला 'क्रोकोडील', म्हणजे मगर, म्हटले.

आता आपल्या घरची गोष्ट ऐका. जी. आय. पी. रेल्वेने बोरघाट आणि थळघाटाच्या विद्युतीकरणासाठी १९२८ पासून जी ४१ मालगाडी इंजिने घेतली, त्यांतली पहिली दहा स्वित्झर्लंडच्या विंटरथूर कारखान्यात तयार झाली. रचना त्याच मगरीच्या घराण्यातली. त्यांना आपल्या लोकांनी नाव दिले 'खेकडा'. माझे आजोबा कर्जतला होते, खेकड्यावर त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे काढली. घाटात मालगाडी चढताना त्याचा जो आवाज येई, तो ते तोंडाने काढून दाखवत आणि आम्ही पोरे हसत असू. एक खेकडा दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. जमले तर मुलांना जरूर दाखवा. वासेनच्या वळणावर उभा राहिलो तेव्हा मला प्रथम आठवले ते आजोबा. ज्या वळणांसाठी ही मगर जन्मली, तिच्या भावंडावर आमच्या घराची चूल पेटत होती.

गावाला वळसा

१९८० साली सप्टेंबरमध्ये जवळजवळ सतरा किलोमीटरचा मोटार बोगदा सुरू झाला आणि खोऱ्यात महामार्ग आला. जे गाव रेल्वेच्या आवाजाला सरावले होते, त्याच्या उशाशी आता रात्रंदिवस ट्रक धावू लागले. उरीच्या लोकांना हे सोसेना. तिथूनच एक चळवळ उभी राहिली आणि २० फेब्रुवारी १९९४ रोजी साऱ्या देशाने मतदानाने ठरवले, की आल्प्स ओलांडणारा माल रस्त्यावरून रेल्वेवर नेला पाहिजे. थोड्या फरकाने का होईना, डोंगरातल्या लोकांचा शब्द राहिला.

त्याचबरोबर आकाराला आला तो नवा, ५७ किलोमीटरचा, डोंगराच्या पायथ्यातून जाणारा बोगदा. त्याचे उद्घाटन झाले १ जून २०१६ रोजी, म्हणजे जुनी लाईन सुरू झाली त्याच तारखेला. डिसेंबर २०१६ पासून मोठ्या गाड्या खालून जाऊ लागल्या. चढ नाही, वळण नाही आणि चर्चही नाही. वासेनच्या स्टेशनवर तर प्रवासी गाडी थांबतच नाही. मी गोशेनेनला उतरलो आणि बसने खाली वासेनला आलो.

पण मी गेलो त्या दिवशी काहीतरी वेगळेच चालू होते. चर्चच्या उंचवट्यावर उभा असताना खालच्या रुळावरून लांबच लांब इंटरसिटी गेली. वीस मिनिटांत दुसरी आली. चर्चजवळच्या बाकावर एक निवृत्त गृहस्थ बसले होते. आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी विचारले, तर तेही तसल्याच इंग्रजीत म्हणाले, "पाहुण्या आहेत. जातील परत."

कारण असे. १० ऑगस्ट २०२३ रोजी नव्या बोगद्यात एका मालगाडीच्या डब्याचे चाक फुटले आणि गाडी घसरली. सुमारे सात किलोमीटर रूळ आणि वीस हजारांच्या आसपास काँक्रीट स्लीपर खराब झाले. पी-वेच्या माणसाला हे आकडे ऐकूनच घाम फुटतो! दुरुस्ती पूर्ण होऊन बोगदा २ सप्टेंबर २०२४ रोजी पुन्हा पूर्ण सुरू झाला, म्हणजे त्या वर्षीच्या गणेश चतुर्थीच्या पाच दिवस आधी. मधले वर्षभर बहुतेक प्रवासी गाड्या याच जुन्या, १८८२ च्या वळणांवरून गेल्या. जुनी लाईन सांभाळून ठेवली होती म्हणून देश अडला नाही. सांभाळणारे कोण? तर गस्त घालणारे, गवत काढणारे, कड्यावरचा सैल दगड वेळीच उतरवणारे. त्यांची नावे कोणाला ठाऊक असतात?

आणि एक माझी गोष्ट

चर्चभोवती गावाची दफनभूमी आहे. लहान-लहान चौकोन, प्रत्येकावर ताजी फुले. एक वृद्ध बाई झारीने पाणी घालत होत्या. मला १७७ आठवले. बोगद्यापलीकडे ऐरोलो स्टेशनजवळ विन्चेन्झो वेला या शिल्पकाराने केलेले या मजुरांचे शिल्प आहे: मेलेल्या सोबत्याला वाहून नेणारी माणसे. मूळ शिल्प १८८२ चे, त्याची काशाची प्रत तिथे १९३२ साली बसवली गेली. देशाने पन्नास वर्षांनी का होईना, आठवण ठेवली.

बोरघाट बांधताना एका वेळी चाळीस हजारांहून अधिक माणसे कामावर होती. कॉलऱ्याने, तापाने, दरडीखाली हजारो मेली. मी त्या घाटाच्या पायथ्याशी वाढलो. त्या माणसांच्या नावांची पाटी मला तरी कुठे दिसली नाही. आमचे पूर्वज त्या कामावर होते, एवढेच आजोबा सांगत. नाव विचारले तर त्यांनाही ठाऊक नव्हते.

हे सगळे त्या बाकावर बसून मी रागाने मनात म्हणत होतो. आणि मग मला माझीच आठवण झाली. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत, मी देखरेख करत असलेल्या एका कामावर मातीचा कडा ढासळून कंत्राटदाराचा एक मजूर गेला. आधार लावल्याशिवाय खोलवर खणू नका, हे मी सकाळी सांगितले होते, पण लेखी दिले नव्हते. दुपारी मी दुसऱ्या साइटवर गेलो. चौकशी झाली, पैसे मिळाले, काम पुढे सरकले. वासेनच्या त्या बाकावर मी त्या मजुराचे नाव आठवायचा प्रयत्न केला आणि ते आठवेना.

परत आल्यावर जुन्या साइट डायऱ्या काढल्या. त्या तारखेला माझ्याच अक्षरात लिहिले होते: "कडा ढासळला. लेबर १. काम दीड दिवस बंद." नाव नाही. बोरघाटातल्या साहेबांनी त्यांच्या डायरीत याहून वेगळे काय लिहिले असेल?

शेवटी तेव्हाच्या एका मुकादमाला गाठले. तो आता भनवारटंकच्या घाटाकडे एका खेड्यात राहतो. त्याला नाव ठाऊक होते, गावही ठाऊक होते. त्या घरी जाऊन आलो. मुलगा आता मोठा आहे, ट्रॅक्टर चालवतो. मी कोण ते सांगितले, सकाळी काय बोललो होतो आणि काय लिहून दिले नव्हते तेही सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग चहा घेऊन जा म्हणाला. नाव इथे छापावे का, म्हणून विचारले. "घर में रहने दीजिए," असे तो म्हणाला, म्हणून मी ते छापत नाही. पण माझ्या डायरीत त्या तारखेला, त्या ओळीच्या वर, ते आता लिहिलेले आहे. आणि माझ्या सेक्शनवर मी एक रीत घालून घेतली आहे. कामावरच्या प्रत्येक माणसाचे, मग तो कंत्राटदाराचा का असेना, पूर्ण नाव रोजच्या वहीत चढते आणि खोदकामाची सूचना तोंडी दिली जात नाही.

आपल्या मंडळाचा मांडव दरवर्षी उभा राहतो. वर्गणीदारांची आणि जाहिरातदारांची नावे या स्मरणिकेत शेवटी छापली जातात, तशी ती छापलीच पाहिजेत. माझी कार्यकारिणीला एकच विनंती आहे. बांबू रोवणारे, वायरिंग करणारे आणि विसर्जनाच्या दिवशी तलावात छातीभर पाण्यात उभे राहून मूर्ती हातात घेणारे जे आठ-दहा लोक आहेत, त्यांचीही नावे यंदापासून एका पानावर यावीत. जाहिरातीचे एक पान कमी पडले तर त्याचे पैसे मी भरीन.

सौभाग्यवतींनी टिटलिसच्या बर्फात काढलेले फोटो घरी भिंतीवर आहेत. माझा वासेनचा फोटो एकच आहे आणि त्यात चर्च नीट आले नाही, कारण तेवढ्यात गाडी आली आणि मी गाडीकडे पाहत राहिलो.

गणपती बाप्पा मोरया!